व्हॅनला मागचा एसी आणि हीटर बसवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅव्हलर, विंगर, ईको घेऊन येणारे बहुतेक मालक एकच तक्रार सांगतात: पुढे गारठायला होतं, मागे घामाच्या धारा. मग लगेच पुढचा प्रश्न, "मागचा ब्लोअर टाकायला किती घ्याल?" पैशांचं बोलणं नंतर होईल. त्याआधी गाडीला काय पेलेल आणि काम कसं झालं पाहिजे, हे मालकाला ठाऊक हवं. ते ठाऊक असलेल्या मालकाची गाडी कोणी घाईत उरकून देऊ शकत नाही.

पुढचा एसी चांगला चालतो, तरी मागे गारवा का पोचत नाही?

डॅशबोर्डच्या जाळीतून सुटलेली हवा पहिल्या दोन रांगांतल्या माणसांना, सीटच्या पाठींना आणि तापलेल्या काचांना गार करता करताच कोमट होते. बसलेलं एक माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतं. बारा माणसं बसली की सव्वा किलोवॉटच्या आसपास, म्हणजे जवळपास एक तृतीयांश टन एसीचं काम नुसत्या माणसांनीच वाढवलं. त्यावर मे महिन्यातलं छत, मागची मोठी काच आणि दर थांब्याला उघडणारं सरकतं दार. एवढं सगळं डॅशबोर्डच्या ब्लोअरकडून होणं नाही.

मग मागचा युनिट बसवला की गाडीचा गारवा दुप्पट होतो का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. मागच्या पेटीत कूलिंग कॉइल, ब्लोअर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (द्रव गॅस बेताने कॉइलमध्ये सोडणारी झडप) असतो. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) आणि कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करणारा भाग) गाडीचे आहेत तेच राहतात. मागचा युनिट गारवा तयार करत नाही, कॉम्प्रेसर जितका देईल तितका वाटून देतो. एकाच टाकीवर दुसरा नळ बसवल्यासारखं हे आहे. टाकी भरलेली असेल तर दोन्हीकडे धार येईल, नसेल तर दोन्हीकडे थेंब.

म्हणून आमच्याकडे मोजमाप पुढून सुरू होतं. कॉम्प्रेसर किती सीसीचा, कंडेन्सर केवढा, त्यापुढचा पंखा किती हवा ओढतो, बेल्ट आणि पुली कोणती. मागची पेटी कुठली घ्यायची ते शेवटी.

माझा कॉम्प्रेसर दोन कॉइल पेलेल का, हे कसं कळणार?

आधी आहे तो एसी तपासा. भर दुपारी, दारं बंद, ब्लोअर फुल, इंजिन १५०० आरपीएमवर ठेवून गेज (दाब मोजायचं काट्याचं मीटर) लावा. आर-१३४ए या एसीच्या गॅसवर कमी दाबाच्या बाजूला साधारण २५ ते ४० पीएसआय (दाबाचं माप) दिसायला हवं. ० अंशाला या गॅसचा दाब २८ पीएसआयच्या आसपास असतो, म्हणून काटा तिथपर्यंत उतरला की कॉइल गोठणबिंदूशी आली असं समजायचं. एकट्या पुढच्या कॉइलवरच काटा ५० च्या खाली येत नसेल, तर दुसरी कॉइल जोडण्यात अर्थ नाही. आधी आहे तो बिघाड काढा.

दुसरीकडे जास्त दाबाचा काटा पाहा. कंडेन्सरमध्ये गॅस ६० अंशाला द्रव होत असेल तर दाब २३० पीएसआयच्या जवळ असतो, ७० अंशाला तोच २९० वर जातो. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात पुढच्या एकट्या एसीवरच काटा २९० ला टेकत असेल, तर कंडेन्सर आधीच दमलेला आहे. तिथे मोठा कंडेन्सर किंवा जादा पंखा लावल्याशिवाय मागचा युनिट टाकू नका. कॉइलने आतून उचललेली उष्णता आणि कॉम्प्रेसरने घातलेली ताकद, दोन्ही कंडेन्सरलाच बाहेर टाकायची असते. पैसे कमी असतील तर मागची पेटी साधी घ्या, कंडेन्सरमध्ये काटकसर करू नका.

ईको किंवा ओम्नीला मागचा युनिट बसवावा का?

ओम्नीला नको. ७९६ सीसीचं इंजिन एकच कॉइल चालवताना चढावर दम टाकतं. २०१९ मध्ये ही गाडी बंद झाली, म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक ओम्नी जुनीच आहे.

ईकोचं इंजिन १.२ लिटरचं. लहान कॉइल पेलते, पण आम्ही आधी दुसरा उपाय सुचवतो. छताचं लायनिंग उतरवून पत्र्याला आतून बंद पेशींचा फोम चिकटवायचा, दारांची रबरं बदलायची आणि पुढची हवा मागे ढकलणारा छोटा पंखा लावायचा. खर्च फार कमी, इंजिनावर लोड नाही. बऱ्याच कुटुंबांचं काम एवढ्यात भागतं. तरीही भागलं नाही तर युनिटचं बोलू.

छतावर, बाजूच्या भिंतीत की सीटखाली? पेटी कुठे बसवायची?

गार हवा जड असते, वरून सोडली की आपोआप खाली येते. म्हणून एसीसाठी छतालगतची जागा उत्तम. गरम हवा वर चढते, म्हणून हीटर पायाशी हवा. दोन्ही एकाच पेटीत हवे असतील तर मागच्या चाकावरच्या बाजूच्या पॅनलमध्ये पेटी बसवून हवेच्या दोन वाटा काढतात, एक छताकडे, एक खाली.

हवा सोडणाऱ्या जाळ्यांची सगळे काळजी घेतात, हवा ओढणारी जाळी विसरतात. ती सामानाखाली दडपली की कॉइल गोठते आणि मागचा एसी तासाभरात बंद पडल्यासारखा होतो. लग्नाच्या ट्रिपला बॅगा नेमक्या तिथेच रचल्या जातात. बसवतानाच तिथे लोखंडी कठडा करून घ्या.

पेटीचे बोल्ट नुसत्या पत्र्यात घेऊ नयेत. आतून पट्टी किंवा अँगल देऊन छताच्या बो ला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्टीला, पकडायचं. खड्ड्यात गाडी आपटली की छतावरची पेटी माणसांच्या डोक्यावर असते, हे डोळ्यांसमोर ठेवून काम करा. नव्या गाडीत छताच्या कडेला पडद्यासारख्या एअरबॅग असतील तर त्या पिलरला ड्रिल लावायचंच नाही.

पाइपची जोडणी नेमकी कुठे करतात?

दोन टी (एका पाइपला दुसरा फाटा काढणारे तीन तोंडी जोड) लागतात. एक द्रव गॅसच्या लाइनमध्ये, ड्रायरच्या (गॅसमधला ओलावा शोषणाऱ्या डबीच्या) पुढे आणि पुढच्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या आधी. दुसरी परतीच्या जाड लाइनमध्ये, पुढच्या कॉइलनंतर आणि कॉम्प्रेसरच्या आधी. दोन्ही कॉइल समांतर चालल्या पाहिजेत आणि दोघींना स्वतंत्र एक्स्पान्शन व्हॉल्व्ह हवा. एकीतून निघालेला गॅस दुसरीत सोडलेला आम्ही पाहिलाय. तिथे दुसरीला गारव्याचं नावही उरत नाही.

मागच्या द्रव लाइनवर विजेवर चालणारा मॅग्नेटिक व्हॉल्व्ह लावून घ्या. मागे कोणी नसेल तेव्हा तो बंद करता येतो. व्हॉल्व्ह नसेल आणि मागचा ब्लोअर बंद असेल, तर गॅस आणि तेल मागच्या कॉइलमध्ये जाऊन बसतं आणि कॉम्प्रेसर तेलाविना घासतो.

द्रव गॅससाठी ८ मिमी आतल्या व्यासाचा होज पुरतो. परतीसाठी किमान १३ मिमी, लांब गाडीत १६ मिमी. होज बॅरिअर जातीचाच, म्हणजे आत गॅस अडवणारा थर असलेलाच घ्या, साध्या रबराच्या भिंतीतून आर-१३४ए हळूहळू झिरपतो. टोकं क्रिंपिंग मशीनवर दाबून घ्यायची. स्क्रूचा क्लॅम्प पाण्याच्या पाइपला ठीक आहे, गॅसच्या पाइपला अजिबात नाही. ओ-रिंगला कॉम्प्रेसरचंच तेल लावा आणि निपल आवळताना दोन पाने (स्पॅनर) वापरा, नाहीतर ॲल्युमिनियमचा पाइप पिळून निघतो.

पाइप गाडीखालून न्यावेत की छतातून?

दोन्ही वाटा चालतात, पण चुका वेगवेगळ्या होतात.

खालून नेलात तर सायलेन्सरपासून किमान वीतभर लांब ठेवा आणि जिथे ते जमत नाही तिथे उष्णतारोधक पत्रा लावा. ब्रेकच्या आणि डिझेलच्या पाइपला होज बांधून पुढे नेणं हा सरळ गुन्हा समजा. दर ३० ते ४५ सेंटिमीटरवर रबर लावलेला क्लॅम्प हवा. एका गाडीला दुसरीकडे काम करून घेताना सगळी लाइन प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधून दिली होती. सायलेन्सरजवळच्या पट्ट्या वितळल्या, होज लोंबला आणि प्रोपेलर शाफ्टला घासून फाटला. मालकाचा गॅस गेला, ट्रिप गेली, आणि शाफ्टजवळचा होज आत गुंडाळला गेला असता तर निभावलं नसतं.

कोकणात चालणाऱ्या गाडीसाठी आणखी एक गोष्ट. खारी हवा आणि लाल चिखल मिळून ॲल्युमिनियम पाइपला भोकं पाडतात, विशेषतः जिथे तो लोखंडी क्लॅम्पला थेट टेकतो तिथे. मधे रबर असलंच पाहिजे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या गाड्यांना खालून पूर्ण होज देणं आम्हाला जास्त पटतं.

छतातून नेलात तर परतीच्या लाइनवर पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत इन्सुलेशन चढवा. ही लाइन गार असते, पावसाळ्यात तिच्यावर पाणी जमतं आणि लायनिंगवर पिवळे डाग पडतात. पत्र्याला भोक पाडलं की कडेला रंग लावून ग्रोमेट बसवायचा.

किती गॅस लागतो? मेकॅनिक लाइनवरच्या छोट्या काचेत बुडबुडे बघून भरतात, ते चालेल का?

वजनावरच भरा. बॉनेटखालच्या स्टिकरवर पुढच्या एसीचा आकडा ग्रॅममध्ये असतो. त्यात मागच्या कॉइलचा आकडा, जो तिच्या कागदावर येतो, आणि लाइनमध्ये मावणारा गॅस मिळवायचा. हिशेब अवघड नाही. ८ मिमीचा ३ मीटर होज म्हणजे १५० मिलिलिटर जागा. गरम झालेला द्रव आर-१३४ए साधारण १.१५ पट जड, म्हणजे एवढ्या लाइनलाच १७० ग्रॅम लागतात. हा भाग विसरला की मागच्या व्हॉल्व्हपाशी द्रवाऐवजी फेस पोचतो आणि मालक म्हणतो की युनिट खराब निघाला.

तेलाचं काय?

गॅस आठवतो, तेल विसरतं. नव्या कॉइलसाठी साधारण ३० ते ६० मिलिलिटर आणि लांब लाइनसाठी थोडं जादा तेल घालावं लागतं. कंपनीने सांगितलेलाच पीएजी (कॉम्प्रेसरच्या कृत्रिम तेलाचा) ग्रेड वापरा. हे तेल हवेतला ओलावा चटकन शोषतं, अर्धा महिना उघड्या पडलेल्या डब्यातलं तेल टाकून द्या. जास्त तेल ओतणंही नुकसानीचं, ते कॉइलच्या नळ्यांत पसरून गारवा कमी करतं.

व्हॅक्यूम किती वेळ मारायचा?

गॅस भरण्याआधी पंपाने लाइनमधली हवा आणि ओलावा ओढून काढायचा, अर्धा ते पाऊण तास, दोन्ही बाजूंनी, मागचा मॅग्नेटिक व्हॉल्व्ह उघडा ठेवून. व्हॉल्व्ह बंद राहिला तर मागची कॉइल एकाच बाजूने अर्धवट ओढली जाते, हे पुष्कळ ठिकाणी सुटतं. ३० अंश तापमानाला पाणी उकळून निघायला दाब ३२ मिमी पाऱ्याच्या खाली जावा लागतो. दमलेला पंप तिथपर्यंत पोचतच नाही आणि ओलावा आत राहतो. पंप बंद केल्यावर वीस मिनिटं काटा हलता कामा नये.

त्याआधी कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरून प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा भरून लीकेज तपासू नका, तिच्यात पाणी असतं. लाइनमध्ये आर-१३४ए उरलेला असेल तर दाबाखालची हवा आणि गॅस यांचं मिश्रण पेटूही शकतं.

लाइन उघडली की ड्रायर नवा. यात सूट नाही.

स्वस्तातला गॅस भरला तर?

बाजारात आर-१३४एच्या नावाने काहीही मिळतं. काही ठिकाणी एलपीजीसारखा ज्वलनशील गॅस भरतात. पहिल्या दिवशी गारवा चांगलाच लागतो, पण प्रवासी बसतात त्या जागेत कॉइल गळाली तर एका ठिणगीचा प्रश्न उरतो. त्याहून वाईट म्हणजे मिथाइल क्लोराइडची भेसळ. ते ॲल्युमिनियमशी क्रिया करून हवेत आपोआप पेटणारं संयुग तयार करतं. २०११ मध्ये अशाच भेसळीमुळे व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या शीत कंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटून माणसं दगावली. सीलबंद, ओळखीच्या कंपनीचा डबा तुमच्यासमोर उघडायला लावा.

जुना गॅस हवेत सोडू देऊ नका, मशीनने ओढून घ्यायला सांगा. आर-१३४एमुळे ओझोनला धोका नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट भारी आहे.

वायरिंग पुढच्या ब्लोअरवरून घेतलं तर चालतं का?

चालत नाही, जळतं. मागचे दोन ब्लोअर फुलवर मिळून १५ अँपिअरच्या आसपास घेतात. बॅटरीपासून स्वतंत्र वायर, बॅटरीजवळच फ्यूज, आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). डॅशबोर्डच्या बटणाने फक्त रिले चालवायचा.

वायरची जाडी बघा. जाऊन-येऊन १० मीटर वायर धरली तर १.५ चौरस मिमीच्या वायरवर १५ अँपिअरला पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात, ४ चौरस मिमीवर पाऊण व्होल्टच्या आत. "मागचा ब्लोअर हळू फिरतो" या तक्रारीत दर वेळी मोटरच खराब नसते. अर्थिंगचा बोल्ट रंग खरवडून बसवा. डायनामो जुना असेल तर रात्री हेडलाइट, वायपर आणि दोन्ही एसी चालू ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजा, १३.५ च्या वर राहायला हवेत.

हायवेला पुढे गारठतं आणि मागे मात्र मधूनच गरम हवा येते. का?

बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा हुकूम पुढच्या कॉइलच्या सेन्सरकडे असतो. ड्रायव्हरला थंडी वाजते, तो पुढचा ब्लोअर एकवर आणतो. पुढची कॉइल झटकन ३-४ अंशांवर येते, सेन्सर कॉम्प्रेसरचा क्लच तोडतो, म्हणजे कॉम्प्रेसर थांबतो, आणि मागच्या दहा जणांचा गारवा बंद. उपाय साधा आहे: पुढचा ब्लोअर दोनच्या खाली आणायचा नाही, जाळी काचेकडे वळवायची. ड्रायव्हरदादांना गाडी देतानाच हे सांगा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

पावसाळ्यात मागच्या सीटवर पाणी टपकतं.

ड्रेन पाइप. पेटीला किंचित उतार हवा आणि छताच्या पेटीला दोन्ही बाजूंनी ड्रेन हवा, कारण घाटात गाडी कधी पुढे, कधी मागे कलते. पाइपचं खालचं टोक चाकाच्या फवाऱ्यापासून दूर ठेवा, चिखलाने बुजतं. दर पावसाळ्याआधी पाइपमध्ये हळू हवा मारून मोकळा करा.

महाराष्ट्रात चालणाऱ्या गाडीला मागचा हीटर लागतो का?

नाही. महाबळेश्वरच्या डिसेंबरसाठी पुढचा हीटर आणि शाल पुरे. पण हिमाचल, काश्मीर, लडाखच्या टूर करणारे, किंवा थंड भागात रुग्णवाहिका चालवणारे यांनी जरूर बसवावा. मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय तासन्‌तास बर्फासारखे राहणं ही गैरसोय नाही, तो त्रास आहे.

हीटरची जोडणी कशी करतात?

इंजिनाकडून पुढच्या हीटर कोरला (गरम कूलंट फिरून हवा तापवणाऱ्या जाळीला) जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या कूलंटच्या पाइपांना टी टाकून मागे समांतर फाटा न्यायचा. होज ईपीडीएम या उष्णता सोसणाऱ्या रबराचा, १६ मिमीचा. जाऊन-येऊन १० मीटर होजमध्येच दोन लिटर कूलंट मावतं, तेवढं जास्त भरावं लागतं. थंड भागात पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे ठेवा, ते मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नळाचं पाणी घालून लडाखला गेलात तर रात्रीत कोर फुटेल.

मागच्या फाट्यावर बंद करायचा व्हॉल्व्ह हवाच. कूलिंग कॉइल आणि हीटर कोर एकाच पेटीत असतील आणि उन्हाळ्यात गरम कूलंट फिरत राहिलं, तर गार झालेली हवा पुढच्याच क्षणी तापते. मागचा एसी अचानक कमजोर झाला असं वाटलं तर आधी हा व्हॉल्व्ह हाताने चाचपा.

आता हवा काढणं, कारण नव्या हीटरच्या तक्रारी बहुतेक याच्याच. गाडीचं तोंड चढावर करा, दोन्ही हीटर पूर्ण उघडा, इंजिन गार असताना कूलंट भरा आणि झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट उघडून दोन्ही होज सारखे गरम लागेपर्यंत थांबा, पातळी खाली गेली की भरत राहा. तापलेल्या इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. एक होज गरम आणि दुसरा गार लागला तर हवा अजून अडकलेली आहे. पंप दूर असल्याने मागे प्रवाह कमजोर पडला, तर परतीच्या लाइनवर १२ व्होल्टचा छोटा पाण्याचा पंप लावतात.

डिझेलवर चालणारा वेगळा हीटर बरा का?

इंजिन बंद ठेवून ऊब हवी असेल तर हाच. पण त्याचा धुराचा पाइप गाडीबाहेर, खिडक्या आणि दारांपासून लांब निघाला पाहिजे आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाच पाहिजे. या वायूला वास नसतो. एसी असो वा हीटर, इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका.

मागचा युनिट बाहेरची हवा घेतो का?

बहुतेक पेट्या आतलीच हवा फिरवतात. बारा माणसं तासभर बंद गाडीत बसली की डोकं जड होतं, ड्रायव्हरला पेंग येते. पुढचा एसी अधूनमधून बाहेरच्या हवेवर घ्या.

सीएनजी गाडीत काही वेगळी काळजी?

सिलेंडर मागेच असतो, म्हणून त्या भागात वेल्डिंग नको, ग्राइंडर नको, आणि ड्रिल मारण्याआधी सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करून गाडी मोकळ्या जागेत घ्या. मागच्या ब्लोअरची वायर गॅसच्या नळीला बांधू नका. सिलेंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट करताना तो बाहेर काढावा लागतो, त्याच्या वाटेत युनिट येत नाही ना हे आधीच बघा.

आरटीओ, वॉरंटी, विमा?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. युनिटसाठी सीट काढली तर आसनसंख्या बदलते, छत कापलं तर बॉडी बदलते. परमिटची गाडी, स्कूल व्हॅन किंवा रुग्णवाहिका असेल तर कामाआधी आरटीओत लेखी विचारा. विमा कंपनीला बिल देऊन युनिटची नोंद करून घ्या. वॉरंटीतली गाडी असेल तर डीलरकडून लेखी उत्तर घ्या, तोंडी आश्वासनाचा उपयोग नाही. इलेक्ट्रिक व्हॅनच्या एसीला बाहेर हातच लावू देऊ नका, तिथला कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि तेलही वेगळं लागतं.

मागचा एसी लावल्यापासून घाटात इंजिन तापतं. काय करू?

रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधली जागा उघडून धुवा. तिथे किडे, पिसं, धूळ यांची गादी साचते आणि बाहेरून दिसत नाही. मग पंख्याची दिशा आणि वेग पाहा. जोडणी करताना पंख्याची वायर उलटी लागून हवा बाहेर फेकली जात असल्याचंही सापडतं. तरीही काटा चढत असेल तर खंबाटकी, कुंभार्ली, आंबा अशा चढांवर मागचा मॅग्नेटिक व्हॉल्व्ह काही मिनिटं बंद करा आणि उतरल्यावर मोठ्या कंडेन्सरसाठी गाडी आणा.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना काय तपासू?

दुपारी जा, सकाळी नको. सगळी माणसं बसवून नाही जमलं तरी गाडी उन्हात तासभर उभी करून मग दोन्ही एसी चालू करा. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर मागच्या जाळीत धरा. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर ३८ असताना तिथे १२ च्या आसपास आकडा यायला हवा. मग खड्ड्याच्या रस्त्यावरून फेरी मारून खडखड ऐका, खाली वाकून प्रत्येक क्लॅम्प हाताने हलवा आणि भरलेल्या गॅसचं वजन, तेलाचा ग्रेड आणि मिलिलिटर बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी गाडी कोणत्याही गावात, कोणाच्याही हाती गेली तरी त्या दोन आकड्यांवरून काम नीट होईल.